नदी नसलेल्या गावातला पूर

दर वर्षी मे महिना आला की नात्यागोत्यातल्या कोणाचा तरी फोन येतो. "आत्या, वसईत फ्लॅट बघतोय. माणिकपूरला घेऊ की नवघरला? पाणी भरतं का हो तिथे?" प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर काही फोनवर देता येत नाही. "भरतं" म्हटले तर शेजारचे रागावतील, "नाही भरत" म्हटले तर जुलैत भाचा रागावेल! म्हणून म्हटले, एकदा नीट लिहूनच ठेवावे.

आधी थोडी गंमत. अनेकार्थी शब्द शिकवताना 'पूर' हा शब्द मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. पूर म्हणजे नगर आणि पूर म्हणजे महापूर. नगराचा 'पूर' संस्कृत 'पुर'वरून आला, पाण्याचा 'पूर' वेगळ्या वाटेने आला, पण मराठीत दोघे एकाच रूपात भेटतात. माणिकपूरच्या मुलांना हे उदाहरण फार समजावून सांगावे लागत नसे.

आता मुद्द्याचे. पूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नदी येते. तिचे पात्र, तिचे काठ, घाटाच्या पायऱ्या, आणि पाणी कितव्या पायरीवर आले याची गावभर चर्चा. सांगलीची कृष्णा, कोल्हापूरची पंचगंगा, पुण्याची मुठा. माणिकपूरला नदी नाही. उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर. या चौकटीच्या मधोमध आम्ही. त्यामुळे पुराचा धोका मोजायचे जे सरकारी माप आहे ते आम्हाला लागू पडत नाही, आणि जे माप इथे शेकडो वर्षे लागू पडत होते ते नगररचनेच्या नकाशात कधी शिरलेच नाही. मला जे सांगायचे आहे ते एवढेच, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वसई हे एके काळी बेट होते. हे ऐकून आजची मुले हसतात, कारण विरारला लोकलने जाताना त्यांना कुठे खाडी ओलांडावी लागत नाही. नायगावच्या आधी वसईची खाडी लागते, मग सगळी सपाट जमीन आणि इमारती. पण वैतरणेची खाडी आणि वसईची खाडी यांना आतून जोडणारा एक जलमार्ग होता, आणि त्याच्या काठी सोपारा हे बंदर होते. तेच ते शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या बुरुड राजाच्या कोटात उत्खनन करून स्तूप उघडकीस आणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. सम्राट अशोक काही आडवाटेच्या खेड्यात शिलालेख कोरायला लावणार नाही! म्हणजे जिथे आज नालासोपारा स्टेशनच्या बाहेर रिक्षांची गर्दी असते, त्या परिसरात दोन हजार वर्षांपूर्वी जहाजे येत होती.

जहाजे येत होती याचा साधा अर्थ असा की ती जमीन खोल होती. पुढे गाळ साचत गेला, लोकांनी बांध घातले, खाडी आक्रसली. पण आक्रसलेली खाडी म्हणजे डोंगर नव्हे. समुद्राला लागून अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत रेतीचा किंचित उंच पट्टा आहे, पूर्वेला डोंगराचा पायथा आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये परातीसारखा खोलगट भाग आहे. शहर वाढले ते मुख्यतः या परातीत.

आमच्या जुन्या माणसांना ही परात ठाऊक होती. त्यांनी तिचा नकाशा काढला नव्हता, पण जमिनीला जी नावे दिली त्यातच सगळे सांगून ठेवले होते. उंच रेताड जमीन ती वाडी. तिथे घर, विहीर, केळी, पानवेली, फुलझाडे. वाडीत बावखल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतले खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते तुडुंब भरायचे आणि पुढे रहाटाने त्याचे पाणी शिंपणाला मिळायचे. वाडीच्या खाली भातशेत. त्याच्याही खाली, भरतीचे पाणी जिथवर शिरते तिथे खाजण. आणि खाजणात बांध घालून एक तर खारी भाताची शेती, नाही तर मिठागर. माणूस आपले घर वाडीत बांधायचा. शेतात फार तर खोप. खाजणात घर बांधण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही येत नसे. आता याला काय म्हणायचे? धोक्याप्रमाणे जमिनीचा वापर ठरवणे, यालाच नगररचनेची पुस्तके 'झोनिंग' म्हणतात. आमच्याकडे ते पुस्तकाशिवाय चालत होते.

याचा अर्थ पूर्वी सगळे आलबेल होते असा नाही. १६१८ च्या मे महिन्यात वसईवर मोठे वादळ येऊन पोर्तुगीजांच्या या भरभराटीच्या शहराचे फार नुकसान झाल्याच्या नोंदी आहेत. बांध फुटायचे, खारे पाणी शेतात शिरले की पुढची दोन-तीन वर्षे पीक धड यायचे नाही. पण नुकसान व्हायचे ते पिकाचे. भिंतीला लावलेल्या फ्रिजचे नव्हे.

बांधाला उघाडी असे. उघाडी म्हणजे बांधातल्या मोरीचे लाकडी झडप. तिची रचना इतकी साधी आहे की सातवीच्या मुलालाही कळेल. भरती आली की बाहेरचे पाणी झडपेला दाबून बंद करते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी तिला ढकलून उघडते आणि बाहेर निघून जाते. ना वीज, ना पंप, ना ऑपरेटर. मात्र यात एक मेख आहे. भरती असेपर्यंत आतल्या पाण्याला थांबावे लागते. चार-पाच तास त्याला कुठे तरी बसवायला जागा हवी. घरमालक कामात असला की पाहुण्याला आपण ओसरीवर बसवतो ना, तसे. शेते, खाजणे, बावखले आणि मिठागरे ही पाण्याची ओसरी होती. त्यात सोय अशी की मीठ पिकते कोरड्या दिवसांत, पावसाळ्यात मिठागरे रिकामीच असतात.

ही ओसरी किती मोठी होती याचा एक हिशेब करून पाहू. गणित हा माझा विषय नव्हे, पण हा हिशेब आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी तपासून दिला आहे. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर जमीन. तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी होते. वसईकरांना लिटरपेक्षा टँकर लवकर कळतो, म्हणून टँकरमध्ये सांगते: १०,००० लिटरचे १०० टँकर. १०० मिलिमीटर हा जुलैतला काही फार अजब पाऊस नव्हे. तेच एक हेक्टर भातशेत फूटभर पाणी धरून बसले तर ३०० टँकर पाणी त्यात मावते. म्हणजे ते स्वतःवर पडलेले पाणी सांभाळून आणखी दोन हेक्टरांचे सांभाळू शकते. त्या शेतावर मातीभराव घातला की हे ३०० टँकर दुसऱ्या कोणाच्या तरी दारात उभे राहतात.

भरती केव्हा येणार याचेही गणित घरोघरी होते. माझे माहेर आगाशीचे. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. ते म्हणायचे, "तिथीचं पाऊणपट कर." पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी (आणि पहाटे) पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात अकरा ते बारा धरा. अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण, अष्टमीच्या आसपासचा तो भांग. यातून एक गोष्ट आपोआप कळते, ती म्हणजे आमच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी भर दुपारी नाही तर मध्यरात्री येते. अमावास्येला दुपारी बाराला कोसळणारा पाऊस आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाला कोसळणारा पाऊस, मिलिमीटरमध्ये दोन्ही सारखे असले तरी गावाच्या दृष्टीने अगदी वेगळे. पहिल्याला दार बंद, दुसऱ्याला उघडे. भाऊंना पर्जन्यमापक माहीत नव्हता, पण पंचांग पाहून "आज वाकळे-गोधड्या माळ्यावर टाका" असे ते सांगायचे.

२६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे आता सगळ्यांना पाठ आहे. गुरुपौर्णिमा होऊन गेली होती २१ जुलैला. पाच दिवस, पाचाचे पाऊणपट पावणेचार. आणि खरोखरच त्या दिवशी मुंबईत भरती होती दुपारी चारच्या सुमाराला, ऐन पावसाच्या तोंडावर.

मग हा शहाणपणा गेला कुठे? एका दिवसात गेला नाही. १८६४ मध्ये बी.बी.सी.आय. रेल्वेचा मुंबई ते अहमदाबाद मार्ग झाला आणि वसईच्या परातीतून उत्तर-दक्षिण असा भरावाचा एक लांबलचक बांध उभा राहिला. डोंगराचे पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे येणार, आणि रुळांखालच्या मोऱ्या असतील तिथूनच पलीकडे जाणार. भोवती शेते होती तोवर फारसे बिघडले नाही, पूर्वेचे पाणी थोडे जास्त वेळ शेतात थांबे इतकेच. पुढे डोंगराच्या बाजूने महामार्ग आला, तो दुसरा बांध. खार जमिनींसाठी १९४८ साली आणि नंतर १९७९ साली कायदे झाले, त्यामुळे बांधांची देखभाल बरीचशी सरकारी खात्याकडे गेली. शेती होती तोवर बांधाची काळजी घेणारा कोणी तरी होता. शेतीच उठली तिथे बांधही पोरका झाला.

खरा पालट झाला तो १९८० नंतरच्या दशकात. मुंबईत घर परवडेना, लोकल विरारपर्यंत होतीच. १९८८ साली प्रादेशिक आराखड्यातली हिरवी जमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामासाठी खुली झाली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. वसईचे हिंदू-ख्रिस्ती, वाडवळ, सामवेदी, कोळी सगळे त्यात होते. (पुढे हेच फादर २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले.) त्या आंदोलनाचे ऋण मोठे आहे, पश्चिमेच्या वाड्या आज जेवढ्या शिल्लक आहेत त्या त्यामुळेच. पण मला आठवते त्याप्रमाणे तेव्हाची भांडणे होती टँकरवाल्यांनी विहिरी उपसण्याची, हिरवाईची आणि दहशतीची. पाणी जाते ही तक्रार होती, पाणी येईल ही धास्ती फारशी कोणाच्या बोलण्यात नव्हती. वाड्या वाचवायला माणसे उभी राहिली, कारण वाडी सुंदर असते. खाजणासाठी आणि मिठागरासाठी कोण रस्त्यावर येणार? चिखलाला कोणी कविता वाहत नाही. सातबाऱ्यावर त्यातल्या कितीतरी जागेची नोंद 'पोटखराबा' म्हणून, म्हणजे कामाची नसलेली!

१९९० साली सिडकोला वसई-विरारसाठी नियोजन प्राधिकरण नेमले. इथे मला नेहमी नवी मुंबईची आठवण येते. तिथली पुष्कळशी जमीनही भरतीच्या पातळीखालची, खाजणाचीच. तिथे सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरती असताना शहराचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला झडपेतून खाडीत जाते. म्हणजे आपली उघाडी आणि ओसरीच, फक्त सिमेंटची. मग तीच संस्था वसईत आली तेव्हा तसे तलाव का झाले नाहीत? माझ्या मते उत्तर तंत्रज्ञानात नाही, मालकीत आहे. नवी मुंबईत सरकारने आधी जमीन संपादन केली, मग शहर आखले. (त्या संपादनाची किंमत तिथल्या आगरी-कोळी भूमिपुत्रांनी मोजली, १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, हेही विसरू नये.) वसईत जमीन खाजगीच राहिली. आराखडा आला तेव्हा बांधकामे आधीच सुरू झालेली होती. तलावासाठी जागा सोडायची म्हणजे कोणाची? माझी की शेजाऱ्याची? आराखड्याला मंजुरी मिळता मिळता २००७ साल उजाडले, आणि तो होता २००१ ते २०२१ या काळासाठी! २००९ साली चार नगरपरिषदा, त्यात आमची नवघर-माणिकपूर आली, आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली.

बरे, नवी मुंबईचे तलाव हाही काही रामबाण उपाय नव्हे. ते गाळाने भरले, त्यात तिवरे उगवली, आणि तिवरांना उच्च न्यायालयाचे संरक्षण असल्यामुळे गाळ काढणे अवघड होऊन बसले. पाण्याला जागा एकदा देऊन भागत नाही, ती दर वर्षी राखावी लागते. जुन्या काळी हे काम शेतकरी आपल्या गरजेपोटी करत असे.

मग २०१८ चा जुलै. ९-१० तारखेला जो पाऊस झाला त्याने वसई-विरार जवळजवळ तोडून टाकले. लोकल बंद. बडोदा एक्स्प्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकली आणि प्रवाशांना बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले. वसई पूर्वेच्या मिठागर वस्तीत तीन-चारशे माणसे पाण्याने वेढली गेली. वीज बंद, त्यामुळे पंप बंद, म्हणजे बाहेर पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. पाऊस थांबल्यावरही पाणी हलेना, तेव्हा लोक चकित झाले. मी पंचांग उघडले. अमावास्या होती १३ जुलैला. म्हणजे पाऊस ओसरत होता तेव्हा उधाण दिवसागणिक चढत होते. दार रोज थोडे अधिक घट्ट लागत होते.

त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्या शिफारशींत नाले रुंद करणे, खाड्यांची तोंडे मोकळी करणे आणि धारण तलाव करणे हे सगळे आले. म्हणजे ओसरी पुन्हा बांधा, असेच तज्ज्ञांनी सांगितले. मला त्याचे समाधान वाटले, पण ओसरीची जागा दरम्यान विकली गेली होती.

आता त्या सरकारी मापाकडे येते. पूरप्रवण जमिनीचा वापर कसा करावा यासाठी केंद्रीय जल आयोगाने १९७५ साली एक नमुना विधेयक तयार करून राज्यांना पाठवले. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्या राज्यांनी तसा कायदा केला, महाराष्ट्राने केला नाही. आपल्याकडे पाटबंधारे खात्याचे १९८९ चे परिपत्रक आहे, त्यावरून नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखतात. ढोबळमानाने, २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणारा पोहोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकाम नाही, दोहोंच्या मध्ये अटींवर.

या 'वर्षांतून एकदा'ने फार घोटाळा केला आहे. माणसे म्हणतात, शंभर वर्षांचा पूर २००५ ला येऊन गेला, आता २१०५ पर्यंत निवांत! तसे नाही. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक इतकी शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता होते शंभरात सव्वीस. आणि निळ्या रेषेचा, २५ वर्षांचा पूर? त्या तीस वर्षांत शंभरात सत्तर. कर्ज देणारा आपला पगार तपासतो, हप्ते फेडायची ताकद तपासतो, हा आकडा मात्र घर घेणाऱ्याने स्वतःच काढायचा. हवामान बदलून मोठा पाऊस वारंवार येऊ लागला तर ही शक्यताही वाढते, कारण जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेली 'पंचवीस वर्षे' मग तितकी राहत नाहीत.

पण आमची अडचण त्याही पलीकडची. रेषा आखायला नदी लागते. २००५ नंतर मुंबईकरांना निदान कळले तरी की मिठी नावाची नदी आहे! माधवराव चितळे समितीने २००६ साली अहवाल दिला, तिच्या नावाने प्राधिकरण झाले, रुंदीकरण झाले. माणिकपूरचे पाणी कुठल्या नदीतून येत नाही. ते आभाळातून सरळ अंगणात पडते आणि खाडीचे दार लागलेले असते म्हणून तिथेच बसून राहते. त्याला काठ नाही, मग रेषा कुठे ओढणार? इथे रेषेऐवजी पातळी लागते. परातीत पाणी किती उंचीपर्यंत चढते, आणि कोणती जमीन त्या उंचीच्या खाली आहे?

आणि उंची हीच तर आमच्या नकाशांत नसते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नेहमीचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यात दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचे अंतर असते. वसईची सगळी सपाटी पहिल्या रेषेच्याही खाली! तुंगारेश्वरावर रेषांची दाटी, आणि माणसे जिथे राहतात तिथे कोरा कागद. विकास आराखड्याच्या नकाशात पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे हरित, असे रंग दिसतात. पिवळ्यातला उंच कोणता आणि खोल कोणता, रंग सांगत नाही. आमच्याकडे अर्ध्या मीटरचा फरक म्हणजे घोट्याएवढे पाणी की कमरेएवढे, हा फरक आहे.

आणखी एक बारकावा, यात शिकलेली माणसेही फसतात. वर्तमानपत्रात छापून येते, "आज ४.५ मीटरची भरती." लोक समजतात समुद्र साडेचार मीटर चढणार. भरतीची उंची मोजतात ती बंदराच्या खालच्या शून्यापासून, ओहोटीच्या तळाजवळून. जमिनीची उंची मोजतात सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांत साधारण अडीच मीटरचे अंतर आहे. म्हणजे साडेचारची भरती जमिनीच्या नकाशावर दोन मीटरच्या आसपास येते. नकाशा पाहताना हा हिशेब ज्याने केला नाही तो एक तर उगाच घाबरेल, नाही तर उगाच निर्धास्त राहील.

धोका कळला तरी पुढचा प्रश्न सुटत नाही, हे मला मान्य आहे. ज्याची जमीन खोलगट निघेल त्याने काय पाप केले? त्याचा शेजारी पन्नास फूट वर होता म्हणून करोडपती आणि हा पोटखराब्याचा धनी? त्याला जमीन मोकळी ठेवायला सांगायचे असेल तर मोबदला दिला पाहिजे. हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची, सोय आपल्या कायद्यात आहे. रस्त्यासाठी, बागेसाठी जमीन घेताना तो देतात, मग पाण्याच्या ओसरीसाठी का नाही? बावखल राखणाऱ्यालाही काही मिळायला हवे. आज बावखल बुजवले तर चार पैसे मिळतात आणि राखले तर डास होतात म्हणून शेजाऱ्यांच्या शिव्या मिळतात.

आणि जे आधीच परातीत राहतात त्यांना "तुम्ही इथे घर घ्यायलाच नको होते" असे सांगणाऱ्यांचा मला राग येतो. डहाणू-विरार लोकलला लटकून नोकरी करणाऱ्याने समोच्च रेषा वाचून घर घ्यावे अशी अपेक्षा करणे बरे नव्हे. अमेरिकेत गिल्बर्ट व्हाइट नावाचे भूगोलतज्ज्ञ १९४० च्या दशकापासून सांगत आले की धरणे-बांध पुरेसे नाहीत, माणसाने पुराच्या जागेत राहायचे कसे तेही ठरवले पाहिजे. पुढे १९६८ साली तिथे सरकारी पूरविमा आला, त्यासाठी गावोगावचे पुराचे नकाशे झाले, आणि धोक्याच्या जागी कर्ज काढताना विमा घ्यावाच लागू लागला. त्यातही घोळ पुष्कळ आहेत. पण घर घेणाऱ्याला विचारायला एक नकाशा तरी असतो. आमच्याकडे आत्या असते!

सध्या जो तो आपापल्यापुरता भराव करतो. नवी इमारत रस्त्यापेक्षा दोन फूट उंच, मग रस्ता तिच्यापेक्षा उंच, मग पुढची इमारत आणखी उंच. आमच्या इमारतीत पूर्वी दोन पायऱ्या चढून जावे लागे, आता रस्त्यावरून एक पायरी उतरावी लागते. इमारत खचलेली नाही, भोवतालचे गाव चढले आहे. या शर्यतीत सगळ्यांत खाली राहतात ती जुनी बैठी घरे, ज्यांची जोती एके काळी सगळ्यांत उंच होती.

२०२१ पर्यंतच्या आराखड्याची मुदत संपली. यापुढच्या प्रारूपावर हरकती आणि सूचना देण्याचा हक्क १९६६ च्या नगररचना कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. मी माझी सूचना लिहून तयार ठेवली आहे. अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा नकाशावर छापा, त्यावर उधाणाच्या भरतीची पातळी दाखवा, आणि २०१८ चे पाणी जिथवर आले ती पातळी दाखवा. तिसऱ्या गोष्टीचा पुरावा कागदावर फारसा नाही, तो भिंतींवर आहे. जिन्याखाली, मीटरच्या पेटीजवळ, जिथे अजून नवा रंग लागलेला नाही तिथे ती तपकिरी रेघ अजून दिसते. म्हणून गेल्या दिवाळीपासून शिंप्याची मोजपट्टी आणि शंभर पानी वही घेऊन मी आणि आमच्या शाळेतल्या एक निवृत्त बाई रविवारी सकाळी फिरतो. इमारतीचे नाव, रस्त्यापासून रेघेची उंची, दाखवणाऱ्याने सांगितलेली तारीख आणि वेळ, एवढेच लिहायचे. बहुतेक ठिकाणी आधी लिफ्टमनला आम्ही जनगणनेवाल्या वाटतो, मग चहा होतो. आतापर्यंत एकतीस ठिकाणे झाली आहेत. दिवाणमान आणि उमेळ्याकडची बाजू राहिली आहे, ती पावसाच्या आधी उरकायची आहे.